फिलर आणि रुग्णाचे समाधान

वयोमानाने बसलेले गाल, पातळ झालेले ओठ किंवा नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी सुईवाटे जेल भरून उचलून धरणे, या उपचाराला फिलर म्हणतात. यासाठी बहुधा हायल्युरॉनिक आम्ल वापरले जाते. पाणी धरून ठेवणारे हे द्रव्य त्वचेत मुळातच असते. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे केले. मात्र शरीर ते थोड्याच दिवसांत मोडून टाकत असल्याने फिलर तयार करताना त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींत गुंतवाव्या लागतात. ही गुंफण किती घट्ट आणि भरलेली जागा किती हलती, यावर परिणाम सहा महिने राहील की दीड-दोन वर्षे, हे ठरते. ओठांतले जेल लवकर विरते, गालांतले अधिक टिकते.

रुग्णाचे समाधान मात्र जेलच्या गतीने ओसरतेच असे नाही, आणि या विषयातील खरी गुंतागुंत येथेच आहे. डॉक्टर घडीची खोली श्रेणी लावून मोजतात, तर ‘फेस-क्यू’ ही प्रश्नावली रुग्णालाच विचारते की झोपेतून उठल्यावर, प्रखर उजेडात, छायाचित्रात आणि दिवसाच्या अखेरीस आपला चेहरा त्याला कसा वाटतो, आणि उत्तरांवरून शून्य ते शंभर असा गुणांक काढते. ही दोन मापे नेहमीच एकत्र चालत नाहीत. घडी पुन्हा दिसू लागल्यावरही काही जण समाधानी असतात. उलट काहींना नव्या चेहऱ्याची इतकी सवय होते की मूळचा चेहरा विसरला जातो, परिणाम टिकून असतानाही काहीच उरले नाही असे वाटते आणि गरज नसताना पुन्हा जेल भरले जाऊन चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो.

म्हणूनच दीर्घकालीन समाधानाचे आकडे जपून वाचले पाहिजेत, कारण नाराज रुग्ण पुढील तपासण्यांना येईनासा झाला, तर उरलेल्यांच्या उत्तरांतून चित्र वास्तवापेक्षा उजळ दिसते. पहिल्या आठवड्यातील कौलही फसवा असतो, कारण तेव्हा सूज आणि काळे-निळे डाग ओसरलेले नसतात. दोन ते चार आठवड्यांनी केलेली पाहणी अधिक विश्वासार्ह ठरते.

जेल रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मृत होण्याचा आणि क्वचित दृष्टी जाण्याचा धोका असतो, त्यामुळे हा उपचार ब्यूटी पार्लरमध्ये करून घेण्याचा नाही. हायल्युरॉनिक आम्ल विरघळवणारे हायल्युरोनिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, डॉक्टरांकडे हाताशी आहे का, हे आधीच विचारावे. भरलेल्या जेलचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा. आणि उपचारापूर्वीचे, त्याच उजेडात त्याच कोनातून काढलेले छायाचित्र पाहिल्याशिवाय दुसऱ्या सुईला होकार देऊ नये.