टाचेवरील भार

वयाच्या ६२ व्या वर्षी आम्ही धावू लागलो, तेव्हा बेळगावच्या रविवार पेठेतील मंडळी हसली. उभा जन्म गादीवर बसून गेलेला. रक्तात साखर वाढली, म्हणून हा खटाटोप. किल्ल्यातील कमल बसदीचे दर्शन घेऊन दोन किलोमीटर सुखाने होत. पण हाव सुटली. महिन्याभरात सहा केले. उजव्या टाचेमागील कंडरा, जिला आपण शीर म्हणतो, ती सुजली. तीन आठवडे विश्रांती घेतली, तरी धावताच दुखणे पुन्हा हजर!

अखेर व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी स्वीडनचे शस्त्रवैद्य आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय सांगितला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली उतरवावी. वर येताना भार दुसऱ्या पायावर घ्यावा. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तितक्याच वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. नुसत्या विश्रांतीने कंडरेस बळ येत नाही. तिला बेताचा भार लागतो. दुकानाच्या पायरीवर आमचा हा उद्योग हमाल थांबून पाहत. भाराचा बेत त्यांना का ठाऊक नाही!

आता दिवसाआड दोन किलोमीटर धावतो. तिसऱ्याचा मोह होतो. पण सौभाग्यवती घड्याळ पाहत दारात उभ्या असतात.