मोठी डिस्क लावण्याआधी फोर्क पाहा

माउंटन बाईक दुरुस्तीला येते आणि गिऱ्हाईक म्हणते, "मोठी डिस्क टाका, ब्रेक कडक पाहिजे." १६० मिलिमीटरच्या जागी १८० ची डिस्क लावली, तर तेवढ्याच दाबाला रोखण्याची ताकद सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढते, हे खरे. लांब उतारावर ती तापतेही कमी. पण तो जादा ताण फोर्कवर येतो. प्रत्येक फोर्कला डिस्कची कमाल मर्यादा ठरलेली असते. गिऱ्हाइकाने कितीही हट्ट केला तरी कारागीर बांधवांनी ती ओलांडू नये. उतारावर फोर्क तुटला तर जिवावरच बेतायचे.

पुष्कळदा दोष डिस्कचा नसतोच, पॅडला तेल लागलेले असते. तिथे नवी डिस्क गळ्यात मारणे आम्हाला हलाल कमाई वाटत नाही.

ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते, म्हणून मोठी डिस्क आधी पुढच्या चाकाला. १६० साठी बनलेल्या फोर्कवर १८० बसवताना कॅलिपर १० मिलिमीटर बाहेर सरकवणारा अडॅप्टर लागतो. २०० आणि २०३ या मात्र एकच समजू नयेत. दीड मिलिमीटरच्या फरकानेही पॅड डिस्कच्या पट्टीवर नीट बसत नाही.