सुरिनाम

सुरिनाम (अधिकृत नाव : सुरिनामचे प्रजासत्ताक) हा दक्षिण अमेरिका खंडाच्या ईशान्य किनाऱ्यावरील एक देश आहे. त्याच्या पश्चिमेस गयाना, पूर्वेस फ्रेंच गयाना, दक्षिणेस ब्राझील आणि उत्तरेस अटलांटिक महासागर आहे. सुमारे १,६३,८२० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा देश आकारमान व लोकसंख्या या दोन्ही दृष्टींनी खंडातील सर्वांत लहान सार्वभौम राष्ट्र होय. २०१२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५,४१,६३८ होती. पारामारिबो ही राजधानी व सर्वांत मोठे शहर आहे. डच ही देशाची एकमेव अधिकृत भाषा असली, तरी दैनंदिन व्यवहारात डझनाहून अधिक भाषा बोलल्या जातात.

भूगोल

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना सुरिनामचे तीन नैसर्गिक विभाग पडतात. किनाऱ्यालगतचा सखल, चिखलमातीचा व दलदलीचा पट्टा हा पहिला. समुद्राजवळ खारफुटीची वने असून त्यांमागे बांध घालून व चर खणून लागवडीखाली आणलेली जमीन आहे. भरतीचे पाणी अडवून ओहोटीच्या वेळी ते बाहेर सोडण्याचे हे तंत्र डच वसाहतकाळातील आहे. मळ्यांवरील बांध व कालवे मात्र गुलामांच्या श्रमातून उभे राहिले. लोकसंख्येचा बहुतांश भाग याच पट्ट्यात राहतो. त्याच्या दक्षिणेस पांढऱ्या वाळूचा अरुंद गवताळ पट्टा लागतो. त्यापलीकडे गयाना पठाराचा डोंगराळ प्रदेश असून तो घनदाट वर्षावनांनी व्यापलेला आहे. देशाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भूभागावर जंगल आहे. युलियानाटोप हे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची सुमारे १,२८० मी. आहे.

कोरांताइन ही नदी पश्चिम सीमेवरून, तर मारोवाइने ही पूर्व सीमेवरून वाहते. दोन्ही सीमांच्या दक्षिण टोकांना मुख्य प्रवाह नेमका कोणता मानावा, यावरून शेजारी देशांशी जुने वाद आहेत. सुरिनाम, सारामाका, कोप्पेनामे व निकेरी या इतर प्रमुख नद्या होत. अंतर्भागात रस्ते फारसे नसल्याने तेथील वाहतूक आजही मुख्यतः लाकडी होड्या व लहान विमाने यांवर अवलंबून आहे. हवामान उष्ण व दमट असून वर्षात दोन पावसाळे व दोन कोरडे ऋतू येतात.

इतिहास

युरोपीयांच्या आगमनापूर्वी येथे कालिन्या (कॅरिब), लोकोनो (अरावाक) इत्यादी आदिवासी समूहांची वस्ती होती. पहिली टिकाऊ मळेवसाहत १६५० च्या सुमारास इंग्रजांनी स्थापन केली. १६६७ मध्ये ती डचांनी जिंकली आणि त्याच वर्षीच्या ब्रेडाच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. उत्तर अमेरिकेतील न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे राहिले. ऊस हे त्या काळी सर्वांत मोलाचे पीक असल्याने हा व्यवहार डचांना तोट्याचा वाटला नाही.

मळ्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतून दोन लाखांहून अधिक गुलाम आणण्यात आले. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली, तेव्हा मुक्त झालेल्यांची संख्या केवळ सुमारे ३५ हजार होती. मळ्यांवरील मृत्युमान किती भयंकर होते, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येते. मुक्तीनंतरही बहुसंख्य मुक्त गुलामांवर दहा वर्षे मळ्यांतच कराराने काम करण्याची सक्ती होती. खरे स्वातंत्र्य त्यांना १८७३ मध्ये मिळाले.

मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी अंतर्भागातील नद्यांच्या काठी स्वतंत्र समाज उभारले. त्यांना मरून म्हणतात. सैन्य पाठवूनही त्यांचा पाडाव न झाल्याने वसाहत सरकारला १७६० मध्ये एनजुका व १७६२ मध्ये सारामाका या समूहांशी तह करून त्यांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. मात्र नव्याने पळून येणाऱ्या गुलामांना परत करण्याची अट या तहांत होती.

गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी आशियातून करारबद्ध मजूर आणले. लल्ला रूख हे जहाज कलकत्त्याहून पहिल्या भारतीय मजुरांना घेऊन ५ जून १८७३ रोजी पोहोचले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय येथे आले. ते प्रामुख्याने आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील होते. पाच वर्षांचा करार संपल्यावर सुमारे एकतृतीयांश मायदेशी परतले, उरलेले शेती करून स्थायिक झाले. १८९० ते १९३९ या काळात जावा बेटावरून सुमारे ३३ हजार लोक आले.

१९५४ मध्ये सुरिनामला अंतर्गत स्वायत्तता व २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले. त्या सुमारास नव्या देशाच्या भवितव्याविषयी साशंक असलेले हजारो नागरिक नेदरलँड्सला स्थलांतरित झाले. २५ फेब्रुवारी १९८० रोजी लष्कराने सत्ता घेतली. ८ डिसेंबर १९८२ रोजी फोर्ट झीलँडिया या किल्ल्यात राजवटीच्या १५ विरोधकांची हत्या करण्यात आली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाची सर्वाधिक झळ मरून गावांना बसली. त्याच वर्षी मोइवाना या गावात लष्कराने किमान ३९ जणांना ठार केले. लष्करशहा देसी बाउटर्स हे पुढे २०१० ते २०२० या काळात निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते. डिसेंबर १९८२ च्या हत्यांबद्दल न्यायालयाने त्यांना २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा सुनावली व ती २०२३ मध्ये कायम झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ही शिक्षा त्यांनी भोगली नाही. २०२५ मध्ये जेनिफर सायमन्स या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

लोक व भाषा

२०१२ च्या जनगणनेनुसार हिंदुस्तानी (भारतीय वंशाचे) २७.४ टक्के, मरून २१.७ टक्के, क्रिओल १५.७ टक्के, जावानीज १३.७ टक्के व मिश्र वंशाचे १३.४ टक्के होते. यांखेरीज आदिवासी, चिनी इत्यादी समूह आहेत. कोणताही एक समूह बहुसंख्य नाही.

डच ही शिक्षण, न्यायालये व प्रशासन यांची भाषा असून निम्म्याहून अधिक लोकांची ती पहिली भाषा आहे. भिन्न समूहांतील संवाद मात्र बहुधा स्रानान टोंगो या भाषेत होतो. ती मळ्यांवरील गुलामांमध्ये घडली. इंग्रजांची सत्ता जेमतेम सोळा-सतरा वर्षे टिकली, तरी तिच्या मूळ शब्दसंग्रहाचा मोठा भाग इंग्रजीतून आला आहे : ‘वात्रा’ म्हणजे पाणी, ‘व्रोको’ म्हणजे काम. ‘पिकिन’ (लहान) हा शब्द पोर्तुगीज मूळाचा आहे. सारामाका मरूनांच्या भाषेत पोर्तुगीज अंश अधिक आढळतो. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकजण पोर्तुगीज बोलणाऱ्या ज्यू मालकांच्या मळ्यांतून पळालेले होते. एनजुका भाषेसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी आफाका नावाच्या व्यक्तीने स्वतंत्र लिपी तयार केली.

भारतीय वंशाच्या लोकांची सारनामी ही भाषा भोजपुरी, अवधी, मगही इत्यादी बोलींच्या मिश्रणातून सुरिनाममध्येच तयार झाली. करारबद्ध मजुरासाठी तिच्यात ‘कंत्राकी’ हा शब्द आहे. ‘आजा’ व ‘आजी’ हे तिच्यातील नातेवाचक शब्द मराठी वाचकालाही परिचित वाटतील. ती प्रायः रोमन लिपीत लिहिली जाते. जीत नारायण हे सारनामीतील प्रमुख कवींपैकी एक आहेत.

पूर्वी शाळांत मुलांना स्रानान बोलण्यास मनाई असे. पुढे ही भाषा राष्ट्रीय अस्मितेचे चिन्ह बनली व राष्ट्रगीताचे एक कडवे तिच्यात आहे. ते ट्रेफोसा या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री द झील यांनी रचले. केवळ डचला अधिकृत दर्जा असणे योग्य आहे का, हा प्रश्न अद्याप चर्चेत असतो. डच टिकवण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की ती कोणत्याही एका वांशिक समूहाची नसल्याने सर्वांना समान अंतरावर आहे. उलटपक्षी, ती वसाहतवादाचा वारसा असून स्पॅनिश, पोर्तुगीज व इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांपासून देशाला वेगळे पाडते, असा आक्षेप घेतला जातो.

संस्कृती

ख्रिस्ती, हिंदू व इस्लाम हे प्रमुख धर्म आहेत. पारामारिबोच्या केझरस्ट्राट या रस्त्यावर मशीद व सिनेगॉग शेजारीशेजारी उभे आहेत. आफ्रिकी परंपरेतील विंती या उपासनापद्धतीवर १९७१ पर्यंत कायद्याने बंदी होती. होळी, दिवाळी व ईद यांना सार्वजनिक सुट्टी असते. १ जुलै हा गुलामगिरीमुक्तीचा दिवस ‘केतिकोती’, म्हणजे तुटलेल्या साखळ्या, या नावाने साजरा होतो. त्या दिवशी क्रिओल स्त्रिया कोतो हा घेरदार पोशाख घालतात व डोक्याला आंगिसा हा रुमाल बांधतात. रुमाल बांधण्याच्या निरनिराळ्या पद्धतींतून राग, आनंद वा शोक व्यक्त करण्याची परंपरा आहे.

हिंदुस्तानी समाजात ढोलक, हार्मोनियम व दंडताल यांच्या साथीने बैठक गाना गातात. कासेको ही क्रिओल संगीताची लोकप्रिय शैली आहे. रोटी, जावानीज बामी व साओतो सूप आणि ज्यू-क्रिओल परंपरेतील पोम हे पदार्थ सर्वच समूहांत खाल्ले जातात. लाकडी इमारतींसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्या पारामारिबो शहराला युनेस्कोने २००२ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

अर्थव्यवस्था व जमिनीचा प्रश्न

विसाव्या शतकात बॉक्साइट हा अर्थव्यवस्थेचा कणा होता. ॲल्युमिनियम उद्योगाला वीज मिळावी म्हणून सुरिनाम नदीवर आफोबाका धरण बांधण्यात आले. १९६४ मध्ये पाणी अडवल्यानंतर अनेक मरून गावे जलाशयाखाली गेली व हजारो लोक विस्थापित झाले. आज सोने हे मुख्य निर्यात उत्पादन असून छोट्या खाणींत वापरल्या जाणाऱ्या पाऱ्यामुळे नद्या प्रदूषित होत आहेत. समुद्रातील मोठ्या तेलसाठ्यांचा विकास करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला असून २०२८ मध्ये उत्पादन सुरू होणे अपेक्षित आहे.

कायद्यानुसार अंतर्भागातील बहुतेक जमीन सरकारी मालकीची आहे. पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या मरून व आदिवासी समूहांकडे तिची सामूहिक मालकी नाही. सारामाका समूहाच्या तक्रारीवर आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला, की राज्याने अशी मालकी मान्य करावी आणि मोठ्या प्रकल्पांपूर्वी संबंधित समूहाची संमती घ्यावी. या निकालाची अंमलबजावणी दीर्घकाळ रखडली असून, लाकूडतोड व खाणकामाच्या परवान्यांवरून शासन व स्थानिक समूह यांच्यात वारंवार संघर्ष होतो.