जोखीम बाईची, हुकूम कुणाचा?

१९४७ साली आपला उस्मानाबाद जिल्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातली डेक्कन एअरवेज ही कंपनी बेगमपेठ विमानतळावरून डाकोटा विमानं चालवत असे. त्या वर्षी अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबात शिकलेल्या प्रेम माथूर यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आणि नोकरीसाठी अर्ज केले. आठ कंपन्यांनी नकार दिला. कारण ठरलेलं होतं: बाई विमान चालवतेय हे कळलं तर उतारू बसायचे नाहीत. डेक्कन एअरवेजने मात्र त्यांना घेतलं. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली. तरीही स्वतंत्रपणे विमान हाती मिळेना, तेव्हा त्यांनी डेक्कन सोडली. पुढे १९५३ मध्ये त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

भारतीय वैमानिक स्त्रियांचा मागोवा घेताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. उडता येतं की नाही, यावर वाद फारसा झालाच नाही. वाद झाला तो विमान कुणाच्या हुकमाखाली चालणार यावर.

परवान्याची पायरी तशी लवकर चढली गेली. रेमंड द लारोश या फ्रेंच बाईंना ८ मार्च १९१० रोजी जगातला पहिला महिला वैमानिक परवाना मिळाला. आपल्याकडे १९३२ मध्ये उर्मिला पारीख यांनी परवाना मिळवला. जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं, तेही याच वर्षी. १९३६ मध्ये लाहोरला एकवीस वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या आणि एकट्याने उडाल्या. तेव्हा घरी त्यांची चार वर्षांची मुलगी होती. त्यांना व्यावसायिक वैमानिक व्हायचं होतं, पण १९३९ मध्ये वैमानिक पतीचा विमान अपघातात मृत्यू झाला, महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण बंद पडलं, आणि त्या चित्रकलेकडे वळल्या.

परवाना ते नोकरी या वाटेवर पंधरा वर्षं गेली. नोकरी ते कॅप्टनची खुर्ची ही वाट त्याहून लांब निघाली. दुर्बा बॅनर्जी नोकरी मागायला गेल्या तेव्हा मंत्र्यांनी त्यांना हवाई सुंदरीचं काम सुचवलं, असं सांगतात. त्यांनी ते नाकारलं आणि १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणूनच दाखल झाल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान सौदामिनी देशमुख या मराठी कॅप्टनच्या हुकमाखाली उडालं. शेजारी सहवैमानिक निवेदिता भसीन, म्हणजे कॉकपिटमध्ये दोघीही बायकाच. १ जानेवारी १९९० रोजी याच निवेदिता सव्विसाव्या वर्षी बोइंग ७३७ च्या कॅप्टन झाल्या. ते विमान मुंबईहून औरंगाबादमार्गे उदयपूरला गेलं. मराठवाड्याच्या धावपट्टीनेही या इतिहासाला असा हातभार लावला.

आता जोखमीचं बघू. हवाई दलात वैमानिक होण्याचं दार स्त्रियांना बंद होतं, त्याचं मुख्य कारण जोखीम हेच सांगितलं जाई. हे कारण तेरखेड्यात कुणाला पटणार? इथल्या फटाका कारखान्यांत बाया दारू भरतात, वाती लावतात, आणि स्फोट झाला की जखमींत त्यांचीही नावं असतात. त्यांना कुणी कधी म्हटलं नाही की बाई, हे काम धोक्याचं आहे, तू करू नकोस. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी बॉम्बनी भुजची धावपट्टी फोडली, तेव्हा जवळच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ती ७२ तासांत पुन्हा उभी केली. वरून दिसू नये म्हणून अंगावर हिरव्या साड्या, धावपट्टीवर शेणाचा सडा, आणि भोंगा वाजला की झुडपांत पळायचं. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपलाच मराठी माणूस. मजुरीची जोखीम बाईच्या वाट्याला सहज येते. मानाची, पदाची, पगाराची जोखीम आली की मात्र तिच्या जिवाची काळजी सुरू होते.

हवाई दलाचं ते दार नव्वदच्या दशकात उघडलं. सप्टेंबर १९९४ मध्ये हरिता कौर देओल यांनी हवाई दलाचं अवरो विमान एकटीने उडवलं. १९९९ मध्ये कारगिलच्या रणक्षेत्रात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर नेलं. लढाऊ विमानासाठी जून २०१६ उजाडावं लागलं. तेव्हा अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी दाखल झाल्या. २०१९ मध्ये नागपूरच्या अंतरा मेहता महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या आरोही पंडित या तेवीस वर्षांच्या मुलीने ‘माही’ नावाच्या चिमुकल्या विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडला. तशा हलक्या विमानातून हे करणारी ती जगातली पहिली स्त्री. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांच्या उड्डाणाची आठवण म्हणून ती भुजहून जुहूला आली. साठ लिटरहून कमी पेट्रोल, जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. आणि सुरुवात कुठून, तर माधापरच्या बायकांनी पुन्हा उभ्या केलेल्या भुजच्या त्याच धावपट्टीवरून.

आज भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा अभिमानाचाच आहे, पण त्यात आपल्या भागातल्या मुली किती, हेही विचारायला हवं. खासगी प्रशिक्षणाला पन्नास लाखांच्या घरात खर्च येतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या लेकीसाठी खरा रस्ता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून जातो. तिथलं शिक्षण सरकारी खर्चाने होतं. मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली, एकूण १७ जणी. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. वाशी, भूम, कळंबच्या कितीतरी मुली आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, तिथेच शाळा सुटते, आणि मग लग्न ठरतं. ती गळती थांबली नाही, तर एनडीएचं दार उघडं असूनही आपल्या लेकी त्या दारापर्यंत पोचणार नाहीत.