काळें-पांढरें आणि मागील बोळ

धंतोलीच्या आमच्या घरांत दिवाळीच्या झाडलोटींत छायाचित्रांचा जुना आल्बम दरसाल बाहेर निघतो. त्यांत आजोबा आहेत, सोवळ्यांतली आजी आहे, मुंजींतला मी आहें, अंगणांतली कपिला गायहि आहे. या वर्षीं चित्रकला शिकणारी माझी नात पानें चाळीत म्हणाली, “आबा, रंग नसला म्हणजे माणसाच्या चेहऱ्याकडेच लक्ष जातें, नाहीं?”

या चित्रांची कृति बोधप्रद आहे. फिल्मवरील जिलेटिनच्या थरांत चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडलेल्या जागीं रसायनाच्या योगानें काळी चांदी उमटते. इतर ठिकाणचे क्षार हायपोनें विरघळून जातात. या उलट्या प्रतीवरून कागदावर सुलटें चित्र उतरतें. सारांश, ज्यावर प्रकाश पडला तेंच मागें राहतें.

मग नातीनें चीनमधील एक कृष्णधवल छायाचित्र दाखविलें. बीजिंगच्या कडेला एका गरीब वस्तींत कांहीं तरुण कलावंत राहत. तिला ते ‘ईस्ट व्हिलेज’ म्हणत. १९९४ सालीं त्यांपैकीं झांग ह्वान हा अंगास मध व माशांचें तेल फासून तेथील सार्वजनिक शौचकूपांत तासभर निश्चल बसला. अंगभर माश्या बसल्या. सोबती रोंग रोंग यानें तें दृश्य टिपलें. ‘१२ चौरस मीटर’ हा प्रयोग तासाभरांत संपला. जगास तो दिसला तो छायाचित्रांमुळें.

खरें सांगतों, मला किळस आली. नात म्हणाली, “आबा, हें तासाभराचें. आतां जन्मभराचें पाहा.”

तीं चित्रें मूळचे अकोल्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच, सुधारक ओलवे यांचीं होतीं. मुंबईच्या सफाई-कामगारांत वर्षानुवर्षें मिसळून त्यांनीं तीं काढलीं. कचऱ्यांत उभा असलेला, गटारांत उतरलेला माणूस त्यांत आहे. त्याचें घर व बायकामुलेंहि आहेत. ओलवे यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. हींच चित्रें रंगीत असतीं तर मला आधीं घाण दिसली असती व मीं मान फिरविली असती. येथें चिखल व कातडी एकाच करड्या छटेंत उतरतात, आणि नजर त्या माणसाच्या डोळ्यांवर जाऊन थांबते.

माझीहि थांबली. माझ्या लहानपणीं आमच्या मागील बोळांतून पहाटे एक माणूस येई व मैल्याचें टोपलें घेऊन जाई. त्याच्या पावलांचा आवाज अजून कानांत आहे. नांव मात्र ठाऊक नाहीं. आम्हीं तें कधीं विचारलेंच नाहीं. गीतेंतील समदर्शनाचा श्लोक मीं वर्गांत तीस वर्षें शिकविला. त्या श्लोकांत गाय आहे आणि श्वपाकहि आहे. आमच्या आल्बमांत गाय तेवढी आहे.

मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ सालीं कायदा झाला, व २०१३ सालीं पुन्हां करावा लागला. यावरून ती प्रथा किती चिवट होती तें समजावें.

वाचकहो, आपल्याहि घरीं असा आल्बम असेल, आणि असा बोळहि कदाचित् असेल. वडील मंडळी आहेत तोंवर त्यांस विचारून ठेवा. एखाद्यास नांव आठवेल.