इग्वानोडॉनची बदलती मूर्ती

नामशेष प्राण्यांची जी रूपे आपण पुस्तकांत व संग्रहालयांत पाहतो ती कशी घडली, आणि कितीदा मोडून नव्याने घडवावी लागली, याचा मागोवा घ्यावयाचा झाल्यास इग्वानोडॉन या एकाच प्राण्याचे चरित्र हाती घ्यावे. विज्ञानाच्या दफ्तरी सर्वांत आधी नोंद झालेल्या मोजक्या डायनोसॉरांपैकी तो एक.

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील लुईस गावी वैद्यकी करणाऱ्या गिडियन मँटेल यांच्या हाती 1822 च्या सुमारास काही मोठे, झिजलेले दात आले. शरीररचनाशास्त्रात ज्यांचा शब्द त्या काळी अखेरचा मानला जाई, त्या पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हिए यांनी ते प्रथम गेंड्याचे ठरविले. पुढे स्वतःच ते मत सोडून दिले. लंडनमधील शल्यविशारदांच्या संग्रहालयात सॅम्युएल स्टचबरी यांनी इग्वाना सरड्याचा सांगाडा दाखविला, तेव्हा त्याच्या चिमुकल्या दातांशी या दातांचे साम्य मँटेल यांना पटले, आणि 1825 साली इग्वानोडॉन हे नाव जाहीर झाले. सापडलेल्या अवशेषांत शंकूच्या आकाराचे एक टोकदार हाडही होते. मँटेल यांनी ते प्राण्याच्या नाकावर बसविले.

1842 साली ‘डायनोसॉरिया’ हा गण स्थापणारे रिचर्ड ओवेन यांनी या सरड्यास जाड खांबासारखे चार पाय दिले, आणि त्यांच्या देखरेखीखाली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने लंडनजवळ सिडनहॅम येथे, क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात, त्याची पूर्णाकृती उभी केली. एका इग्वानोडॉनसाठी लागलेल्या मालाचा तपशील खुद्द हॉकिन्स यांनीच नमूद करून ठेविला आहे : 9 फूट लांबीचे 4 लोखंडी स्तंभ, 600 विटा, 38 पिंपे सिमेंट. 1853 च्या अखेरच्या रात्री या प्राण्याच्या साच्यात विद्वानांची पंगत बसली, आणि पुढल्या वर्षी उद्यान लोकांस खुले झाल्यावर अगणित स्त्रीपुरुषांनी प्रागैतिहासिक जीव प्रथमच अंगापिंडाने पाहिले. त्या मूर्ती चुकीच्या आहेत असे म्हणणे आज सोपे आहे. परंतु मूठभर हाडांवरून एवढे मोठे विधान सिमेंटात करण्याचे धैर्य त्या माणसांनी दाखविले, म्हणूनच पुढच्यांस दुरुस्तीला काही हाती लागले, असे मला मनापासून वाटते.

ती दुरुस्ती 1878 साली बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीतून आली. 322 मीटर खोलीवर खाणकामगारांना तीसहून अधिक इग्वानोडॉनांचे सांगाडे लागले, त्यांतील कित्येक जवळजवळ अखंड. आणि नाकावरचे ते शिंग वास्तविक हाताच्या अंगठ्याचे टोक आहे, ही गोष्ट निर्विवाद झाली. ब्रुसेल्स येथे लुई डोलो यांनी कांगारू व कॅसोवरी यांचे सांगाडे शेजारी ठेवून नवी मांडणी केली : प्राणी मागल्या दोन पायांवर ताठ उभा, शेपूट जमिनीला टेकलेले. जवळजवळ शंभर वर्षे हीच मुद्रा जगभर कायम झाली. परंतु 1980 साली डेव्हिड नॉर्मन यांनी तीच हाडे पुन्हा बारकाईने तपासली, तेव्हा असे दिसले की शेपटीच्या मणक्यांवरून हाडासारख्या कठीण झालेल्या स्नायुबंधांची जाळी गेली असून जिवंतपणी ते शेपूट काठीसारखे सरळ राहत असले पाहिजे; कांगारूची बैठक साधण्यासाठी ते मोडून वाकविणे भाग पडले होते. हाताची मधली तीन बोटे तर खुरांसारखी, भार पेलणारी. म्हणजे प्राणी पाठ आडवी ठेवून चालणारा, बहुधा चारही पायांवर. ब्रुसेल्सच्या संग्रहालयातील काचेच्या दालनात मात्र ते सांगाडे आजही डोलोंच्याच मुद्रेत उभे आहेत. हाडांतील गंधकयुक्त लोहखनिज हवेने कुजत असल्याने ती इतकी ठिसूळ झाली आहेत की त्यांना हलविणे धोक्याचे.

दरम्यान चित्रकारांची दृष्टीही पालटली होती. जॉन ऑस्ट्रम यांनी 1969 साली डायनोनिकस या डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचे शिष्य रॉबर्ट बॅकर यांनी तो धावताना रेखाटला. चीनमध्ये 1996 साली पिसासारखे आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनोसॉर उजेडात आला, आणि 2010 साली त्यातील रंगकणांच्या अवशेषांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे असल्याचे अनुमान निघाले.

या दुरुस्त्यांच्या मालिकेत महाराष्ट्राचाही दाखला रुजू आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. डायनोसॉरांच्या चित्रात गवत काढू नये, नेचे व सूचिपर्णी वृक्ष काढावेत, कारण गवत त्यांच्यानंतर उगवले, असा दंडक चित्रकारांनी दीर्घकाळ पाळला. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा येथे शिळारूप झालेली विष्ठा विपुल सापडते. ती बहुधा टायटॅनोसॉर या दीर्घकंठी शाकाहारी प्राण्यांची. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तीत गवताच्या पात्यांत तयार होणारे गारेचे सूक्ष्म कण मिळाले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. 2005 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि तो जुना दंडक निदान या भूमीपुरता रद्द झाला.

मराठी मुलांच्या पुस्तकांसाठी डायनोसॉर रेखाटणाऱ्या चित्रकारांना माझी एवढीच विनंती आहे की, परदेशी चित्रांची नक्कल करण्यापूर्वी त्यांनी एकदा वरोऱ्याचा टायटॅनोसॉर काढावा, आणि त्याच्या पायांशी गवत काढण्यास संकोच करू नये.