‘झोप लागत नाही’ या तक्रारीमागे

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने खानदेशातील कपाशी पोखरली, त्या हिवाळ्यातील ही गोष्ट. पारोळा तालुक्यातील एक शेतकरी आमच्याकडे आला. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, एवढीच त्याची तक्रार. आम्ही वातप्रकोप ठरवून अश्वगंधा चूर्ण दुधातून दिले, रात्री पादाभ्यंग सांगितला. चिकित्सा शास्त्राला धरूनच होती. पंधरा दिवसांनी त्याची पत्नी एकटीच आली. त्याने फवारणीचे औषध घेतले होते. वेळेवर रुग्णालयात नेल्याने वाचला. “तुमच्याजवळ काही बोलले होते का, वैद्यबुवा?” असे तिने विचारले. तो बोलला नव्हता, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

रोग वाढविणाऱ्या कारणांत चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले, हे आपण सर्वांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. सत्त्वपरीक्षा सांगताना, मध्यम सत्त्वाचा मनुष्य इतरांच्या आधाराने सावरतो, असेही विमानस्थानात म्हटले आहे. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि मुलीचे ठरलेले लग्न एकाच वेळी समोर उभे राहिले की प्रवरसत्त्व माणूसही खचतो. खेड्यातील पुरुष आपण होऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा जात नाही. अपचन, कंबरदुखी, निद्रानाश घेऊन वैद्याकडे मात्र येतो.

तेव्हापासून अशा रुग्णाला आम्ही आधी शेताचे विचारतो. मग सोबतच्यांना बाहेर बसवून, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे सरळ विचारतो. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत निराधार आहे. उलट पुष्कळ जण रडून मोकळे होतात. उत्तर होकारार्थी आले, तर केवळ ब्राह्मी-अश्वगंधेवर विसंबणे हा आपलाच प्रज्ञापराध होय. घरातील कीटकनाशके त्याच दिवशी हलवावीत, रुग्णाला एकटे ठेवू नये आणि जळगाव अथवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात सोबत देऊन पाठवावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे, तो आम्ही चिठ्ठीवरच लिहून देतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरला आहे, हेही घरच्यांना सांगावे. पोलिसांच्या धास्तीने पुष्कळ कुटुंबे गप्प राहतात.

तो शेतकरी अजून आमच्याकडे येतो. कपाशी लावतोच. फवारणीचे डबे मात्र चुलतभावाच्या खळ्यावर कुलपात असतात, आणि किल्ली त्याच्या पत्नीजवळ.